काचेच्या त्या बाजूला आई: एप्कॉटच्या टाकीतली माझी बुडी

कांदळवन

मी मालवणजवळच्या खाडीकाठची. घरापासून समुद्र पाच मिनिटांवर, तरी वयाच्या चाळिशीपर्यंत मला पोहता येत नव्हतं. आमच्याकडच्या बायांचं समुद्राशी नातं किनाऱ्यापर्यंतच. मासे निवडायचे, खारवायचे, वाळत घालायचे, विकायला न्यायचे. माझ्या आईच्या हातून आयुष्यभरात किती मासळी गेली असेल याचा हिशेब नाही, पण पाण्यात पोहणारा मासा कसा दिसतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला ठाऊक होता तो टोपलीतला मासा.

फ्लोरिडात आल्यावर मी आधी पोहायला शिकले, मग स्कूबाचं, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घेत पाण्याखाली पोहण्याचं, 'ओपन वॉटर' हे सुरुवातीचं प्रमाणपत्र घेतलं. २०१८ साली आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली तेव्हा तिला हे दाखवायची मला फार हौस होती. विलिस्टनला डेव्हिल्स डेन नावाचा झरा आहे. जमिनीच्या पोटात, वरून छप्पर कोसळलेल्या गुहेसारखा, बारा महिने २२ अंशांचं नितळ पाणी. तिथे मी तिला घेऊन गेले. पस्तीस मिनिटांनी वर आले तर आई कडेच्या फळीवर पदर घट्ट धरून बसलेली. म्हणाली, "तू खंय आसस ता माका कळाकच नाय. नुसते बुडबुडे मोजत बसलंय." तिच्याकडे पाहून मला फार अपराधी वाटलं. होडी परत येईपर्यंत वाट बघण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि मी तिला पुन्हा तेच करायला लावलं होतं.

तेव्हा एका डायव्हर मैत्रिणीने सुचवलं: ऑरलँडोला एप्कॉटमध्ये जा. तिथे तू आत असशील आणि आई काचेपलीकडून तुला सबंध वेळ बघेल.

एप्कॉट हे डिस्नेचं थीम पार्क. तिथलं मत्स्यालय १५ जानेवारी १९८६ रोजी 'द लिव्हिंग सीज' नावाने उघडलं, आता त्याला निमो माशाचं नाव आहे. मुख्य टाकी गोल. व्यास २०३ फूट, खोली २७ फूट, पाणी ५७ लाख गॅलन म्हणजे आपल्या हिशेबात साधारण २ कोटी १५ लाख लिटर. २००५ साली अटलांटाचं जॉर्जिया ॲक्वेरियम उघडेपर्यंत एवढी मोठी टाकी दुसरीकडे नव्हती. ऑरलँडो समुद्रापासून आत आहे, त्यामुळे पाणी समुद्रातून आणलेलं नाही, गोड्या पाण्यात मीठ कालवून तिथेच केलेलं आहे. खडकांवरची प्रवाळंही माणसाने घडवलेली. मासे, कासवं, मुशी (शार्क), पाकटं (पंखांसारखे कल्ले असलेले चपटे मासे) मात्र खरी.

प्रमाणपत्र असलेल्या पाहुण्यांना या टाकीत उतरता येतं. उपक्रमाचं नाव डाइव्हक्वेस्ट. वयाची अट किमान १० वर्षं. मी गेले तेव्हा पावणेदोनशे डॉलरच्या आसपास पडले. महाग आहे, पण सिलिंडर, रेग्युलेटर (तोंडात धरून हवा घ्यायचं साधन), बीसीडी (तरंगणं सांभाळायचं हवेचं जाकीट), वेटसूट, फिन्स (पायात घालायचे पर) सगळं त्यांचं. मी माझा मास्क तेवढा नेला होता, कारण चेहऱ्याला नीट न बसणारा मास्क चाळीस मिनिटं छळतो. आधी मागच्या बाजूने फिरवून गाळणीची यंत्रणा दाखवतात, सूचना देतात, कागद तपासतात. बुडी त्यातली चाळीसेक मिनिटांची. सुरुवातीला गट मार्गदर्शकाच्या मागे टाकीची चक्कर मारतो, मग मोकळं फिरू देतात.

आईला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं, पिवळी साडी नेस.

पाण्यात उतरल्यावर पहिलं जाणवलं ते हे की कुठूनही कुठेही दिसतं. मालवणच्या समुद्रात दहा मीटर पलीकडचं दिसलं तरी आम्ही दिवस चांगला म्हणतो. इथे समोरची भिंतसुद्धा निळसर धूसर दिसत होती. पाच मिनिटांत एक सँड टायगर मुशी समोरून आली. तोंड मिटलेलं असतानाही या जातीचे दात बाहेर दिसतात, त्यामुळे रूप भयंकर, पण चाल अगदी संथ. ही मुशी पृष्ठभागावर येऊन पोटात हवा घेते आणि त्या हवेच्या आधाराने पाण्यात जवळजवळ स्थिर तरंगते. मी पुस्तकात वाचलं होतं. तिला तशी थांबलेली पाहिली आणि माझाही श्वास आपोआप लांब झाला.

मग मी खिडकी शोधायला लागले, आणि इथे एक गोष्ट कळली जी आधी कुणी सांगितली नव्हती. टाकीत उजेड असतो आणि दालनात अंधार. बाहेरच्याला आतलं सगळं दिसतं, आतल्याला मात्र काचेत आपलंच प्रतिबिंब दिसतं. काचेला मास्क टेकवल्याशिवाय पलीकडची माणसं दिसत नाहीत. दोन खिडक्या तपासल्या, तिसऱ्या खिडकीत पिवळं काहीतरी हललं. मी जाऊन काचेला टेकले. आई दोन्ही तळवे काचेवर ठेवून उभी होती. मी माझे तळवे तिच्या तळव्यांवर ठेवले. तिचा चेहरा मला फार मोठा आणि फार जवळ दिसत होता. ती काहीतरी बोलत होती, ऐकू येणं शक्य नव्हतं. मग ती एकदम बोट दाखवून माझ्या मागे बघायला लागली. मी वळेपर्यंत जे होतं ते निघून गेलं.

बाहेर आल्यावर तिचे पहिले शब्द: "गो, तुझ्या पाठसून केवढो मोठो पाकट गेलो, तुका दिसलो नाय? पंख्यार पांढरे ठिपके!" आयुष्यात शेकडो पाकटं कापलेल्या बाईने पहिल्यांदा एक पाकट उडताना पाहिलं होतं. घरी येईपर्यंत तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

कुणाला जायचं असेल, शिकायचं असेल तर विचारा. मला माहीत आहे ते सगळं सांगेन.

---

अबोली_ठाणे

वाचून डोळ्यांत पाणी आलं, ताई. माझ्या आजोबांनी मला लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात नेलं होतं, तिथे काचेला नाक लावून उभी असलेली मी आठवले. एक शंका: प्रमाणपत्र नसेल तर अजिबात उतरता येत नाही का? आम्ही मे महिन्यात जातोय आणि मुलगा १२ वर्षांचा आहे.

कांदळवन

अबोली, डाइव्हक्वेस्टला प्रमाणपत्र लागतंच. पण मुलगा १२ वर्षांचा आहे म्हणजे ज्युनियर ओपन वॉटर करू शकतो, ती अट १० वर्षांची आहे. वेळ आहे तुमच्याकडे. थिअरी घरी बसून ऑनलाइन होते, मग तलावातले सराव, मग खुल्या पाण्यात चार बुड्या. पोहण्याची परीक्षा अवघड नाही: २०० मीटर न थांबता पोहायचं, वेळेची अट नाही, आणि १० मिनिटं तरंगायचं. मला पोहणं शिकायला चौदा महिने लागले, कारण भीती खोल होती. मुलं चटकन शिकतात. फक्त आरोग्याची प्रश्नावली खरी भरा. दमा, कानाची शस्त्रक्रिया, फिट येणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टर.

खाडीपलीकडे

दुबईत राहतो. दुबई मॉलमधल्या मत्स्यालयाची टाकी १ कोटी लिटरची आहे आणि तिथे प्रमाणपत्र नसलेल्यांनाही प्रशिक्षकासोबत उतरवतात. मी तसाच उतरलो. आधी छोट्या तलावात मास्कमधलं पाणी काढणं, रेग्युलेटर तोंडातून सुटला तर परत घेणं हे करून घेतलं, जमेपर्यंत पुढे सोडलं नाही. आत माझा हात प्रशिक्षकाच्या हातात होता. मॉलमधले खरेदीवाले लोक पिशव्या खाली ठेवून बघत उभे राहिले होते. बाहेर आलो आणि त्याच आठवड्यात कोर्सला नाव घातलं.

निळासावळा

अनुभव आवडला, पण एक मत मांडतो. मी नेत्राणी, अंदमान, तारकर्ली सगळीकडे बुड्या मारल्या आहेत. टाकीतल्या बुडीला मी डायव्हिंग म्हणणार नाही. प्रवाह नाही, लाट नाही, खाली काय असेल याची उत्सुकता नाही. आपल्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजींच्या नावाची, खरीखुरी प्रवाळं असलेली. आपल्या माणसांनी डिस्नेच्या टाकीऐवजी तिकडे बघावं असं मनापासून वाटतं.

कांदळवन

निळासावळा, आंग्रिया बँकेबद्दल शंभर टक्के सहमत. तिथे जायचं माझंही स्वप्न आहे. पण टाकीत डायव्हिंग नसतं हे मला पटत नाही. आत उतरलं की कान तसेच दुखतात, हवा तशीच संपते, आणि तळाला न टेकता तरंगत राहणं तर जास्त काटेकोर लागतं, कारण तळाशी पाकटं निजलेली असतात आणि तुमची एक फिन आपटली तर त्यांना इजा होते. समुद्रात माझं अर्धं लक्ष प्रवाहाकडे, जोडीदाराकडे, सिलिंडरमधली हवा दाखवणाऱ्या काट्याकडे असतं. टाकीत मी पहिल्यांदा एकाच प्राण्याकडे सलग दहा मिनिटं पाहिलं. आणि मुख्य म्हणजे, आंग्रिया बँकेवर माझी आई मला बघू शकणार नाही.

निळासावळा

शेवटचं वाक्य वाचून गप्प बसलो. माझी आईही बोटीत बसून वाटच बघते. हा विचार मी कधी केला नव्हता.

कानसेन_डॉक्टर

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे आणि स्वतः डायव्हर आहे, म्हणून थोडं लिहितो. २७ फूट म्हणजे ८ मीटर, उथळ आहे असं लोकांना वाटतं. कानासाठी हेच पहिले १० मीटर सर्वांत कठीण असतात. पृष्ठभागावरचा दाब १ धरला, तर १० मीटरवर तो २ होतो. म्हणजे मधल्या कानातली हवा तेवढ्यातच निम्म्या जागेत दाबली जाते. पुढच्या २० मीटरमध्ये जेवढा फरक पडतो त्यापेक्षा हा मोठा. म्हणून दुखायला लागण्याआधीच, दर अर्ध्या-एक मीटरला नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, नाकात हलकेच हवा फुंकायची. जोर लावायचा नाही. दुखलं तर थोडं वर यायचं, मोकळं करायचं, मग खाली. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका, पैसे गेले तरी चालतील. औषध घेऊन नाक मोकळं करून उतरलात आणि औषधाचा असर पाण्यातच उतरला, तर वर येताना हवा अडकते.

दुसरं, श्वास कधीही रोखायचा नाही. दीड-दोन मीटरवरूनही भरलेल्या छातीने श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. टाकी असो वा समुद्र, हा नियम सारखाच.

सुरंगी

डॉक्टर, हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं हो. चार वर्षांपूर्वी आम्ही कोकणात सुट्टीला गेलो तेव्हा एका बोटवाल्याकडे 'स्कूबा' केलं. नाव लिहीत नाही. बोटीत आम्ही बारा जण, सूचना दोन मिनिटांच्या, त्यातही अर्धं "घाबरू नका" एवढंच. सिलिंडरच्या तोटीला धरून मला सरळ खाली नेलं. मी कानाकडे बोट दाखवत होते आणि तो अंगठा वर करून फोटो काढत होता. तीन आठवडे डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. तेव्हापासून पाण्याचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. तुमचा लेख वाचून पहिल्यांदा वाटलं की पुन्हा करून बघावं.

कांदळवन

सुरंगी, फार वाईट वाटलं. आमच्याच किनाऱ्यावर असं होतं याचं दुःख जास्त. एक लक्षात ठेवा, पाण्यात अंगठा वर म्हणजे 'ठीक' नव्हे, 'वर चला'. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. कान दुखत असेल तर हात आडवा हलवून 'गडबड आहे' म्हणायचं, मग कानाकडे बोट. ही खूण तुम्हाला कुणी शिकवली नाही यात तुमची काही चूक नाही. पुन्हा करायचं असेल तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा संस्था आहे, तिथे स्वतःचा सरावाचा तलाव आहे. आधी कान दाखवून घ्या, मग तलावात दोन-तीन दिवस द्या. खूप भीती असेल तर काचेच्या टाकीसारखी जागा खरंच चांगली: तळ दिसतो, कड दिसते, प्रवाह ओढत नाही.

कानसेन_डॉक्टर

सुरंगी, तपासणीत पडद्याची हालचाल बघायला सांगा. बहुतेकदा पूर्ण बरं झालेलं असतं.

रानवाट

मला हे सगळं वाचून आनंद आणि अस्वस्थता दोन्ही होतंय. समुद्रात शेकडो मैल फिरणारे प्राणी २०३ फुटांच्या गोलात ठेवायचे आणि आपण पैसे भरून त्यांच्यात पोहायचं. अटलांटाच्या मत्स्यालयात तैवानहून आणलेले दोन व्हेल शार्क २००७ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने मेले. तिथेही पाहुण्यांना व्हेल शार्कसोबत पोहू देतात. आपला आनंद त्यांच्या कैदेवर उभा नाही का?

कांदळवन

रानवाट, हा प्रश्न मलाही टोचतो, म्हणून टाळणार नाही. मोठे स्थलांतर करणारे प्राणी टाकीत ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. व्हेल शार्क तर नाहीच. मी गेले तेव्हा एप्कॉटमध्ये डॉल्फिनही होते, त्यांचा वेगळा कार्यक्रम होता, मी तो घेतला नाही आणि घेणार नाही. तिथेच बोटीच्या पंख्याने जखमी झालेल्या मॅनेटी, म्हणजे समुद्री गाई, बऱ्या करायला ठेवतात, ते काम मला पटतं. लहान मासे, तळाशी राहणारी पाकटं यांच्याबद्दल मी अजून ठरवू शकलेले नाही.

पण एक सांगते. आईने आयुष्यभर पाकट किलोवर मोजलं. त्या दिवसानंतर तिने बाजारात पिल्लं असलेली, पोटुशी पाकटं घेणं बंद केलं. मी काही बोलले नव्हते. तिने तिचं तिने ठरवलं. पाकट अंडी टाकत नाही, थोडीच पिल्लं देते, हे तिला माझ्यापेक्षा आधीपासून ठाऊक होतं, कारण पोट कापताना ती हातात यायची.

दर्यावर्दी

कांदळवन ताईंच्या या प्रतिसादासाठी खास लॉगिन केलं. आम्ही पालघर बाजूचे मच्छीमार. माझ्या चुलतभावाच्या जाळ्यात व्हेल शार्क सापडला होता. २००१ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे, वाघाला आहे तेवढंच. त्याने जाळं कापून सोडला. २०१८ च्या शेवटी सरकारने योजना आणली, संरक्षित प्राणी सोडताना जाळं फाटलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई. त्याने फोटो काढून अर्ज केला. पण मला सांगायचंय ते वेगळं. जाळं कापलं तेव्हा तो पाण्यात उतरला होता, आणि जनावर त्याच्या अंगावरून हळू निघून गेलं. तीन दिवस तो तेच सांगत होता. तुमच्या आई पाकटाबद्दल सांगत होत्या ना, अगदी तसाच.

रानवाट

दर्यावर्दी, धन्यवाद. हे वाचायला मिळालं म्हणून तरी मी प्रश्न विचारला याचं समाधान आहे. माझं मत बदललेलं नाही, पण आईंना माझा नमस्कार सांगा, ताई.

अबोली_ठाणे

मुलाचं नाव कोर्सला घातलं! पहिल्या दिवशी मास्कमधलं पाणी काढताना रडला, दुसऱ्या दिवशी स्वतःच लवकर उठला. एक व्यवहारी प्रश्न: एप्कॉटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं परतीचं विमान आहे. चालेल?

कानसेन_डॉक्टर

बुडी दुपारी संपली आणि विमान दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, म्हणजे अठरा तासांच्या आसपास येतं. एकाच बुडीनंतर किमान १२ तास सांगतात, अनेक बुड्या असतील तर १८. तुम्ही १८ च धरा. अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ द्यायचा. शक्य असेल तर एप्कॉट एक दिवस अलीकडे घ्या, मुलगाही शांतपणे जेवेल-झोपेल.

कांदळवन

आणि आरक्षण करताना दर, वेळा, अटी त्यांच्याकडूनच ताज्या तपासा. माझा अनुभव २०१८ चा आहे. बघणाऱ्यांना पार्कचं तिकीट लागेल का हेही आधीच विचारा, म्हणजे ऐन वेळी कुणी बाहेर राहायला नको.

अबोली_ठाणे

बदलून घेतलं, एप्कॉट आता दोन दिवस आधी. मुलाचे आजोबाही येतायत, माझे सासरे. ते म्हणतात मला काय कळणार, मी बाहेर बाकावर बसतो.

कांदळवन

त्यांना बाकावर बसू देऊ नका. वरच्या मजल्यावर टाकीत पुढे घुसलेलं एक दालन आहे, तिथे तिन्ही बाजूंनी पाणी दिसतं. तिथल्या एका खिडकीशी उभे राहा आणि ती सोडू नका, मुलाला आधीच सांगून ठेवा कुठली ते. पहिली दहा-पंधरा मिनिटं तो गटाबरोबर फिरेल, तेव्हा शोधत बसू नका, येईल. आणि आजोबांना पिवळा किंवा पांढरा सदरा घालायला सांगा. लाल घालू नका, पाण्यातून लांबून लाल रंग काळपट दिसतो, पोराला सापडायचे नाहीत.